सात बटणं, अठरा मिनिटं

"अठरा मिनिटं लागली? छान झालं की! अजिबात घाई नका करू."

दुपारची बदलापूर लोकल, महिलांचा डबा. शेजारी बसलेल्या बाई फोनवर बोलत होत्या आणि बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता. फोन ठेवल्यावर न राहवून मी विचारलं. अंबरनाथच्या एका काकांनी त्या दिवशी सकाळी शर्ट स्वतःच्या हाताने घातला होता, सातही बटणं स्वतः लावली होती. बायकोने घड्याळ बघून ठेवलं आणि मुद्दाम कळवायला फोन केला. काकांना स्मृतिभ्रंश आहे, ज्याला दवाखान्यात डिमेन्शिया म्हणतात. या बाई व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आठवड्यातले बहुतेक दिवस त्या लहान मुलांच्या केंद्रात काम करतात आणि उरलेल्या वेळात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात.

स्मृतिभ्रंशाच्या घरातून आजवर मी हरवल्याच्या, पडल्याच्या, गॅस उघडा राहिल्याच्या बातम्या ऐकल्या होत्या. आनंदाची बातमी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुमच्याबरोबर येऊ का?" असं विचारलं. त्यांनी घरोघरी परवानगी काढली. सगळ्यांची अट एकच होती, नावं छापायची नाहीत. "माझंही नको," त्या म्हणाल्या. म्हणून इथे त्या ताई, एवढंच.

काका अंबरनाथ पूर्वेला राहतात. कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले. अंबरनाथला हे नवल नाही. दारूगोळा कारखाना, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विम्कोच्या आगपेट्या, धरमसी मोरारजीचं केमिकल, मग एमआयडीसीतली लहानमोठी वर्कशॉप. इथल्या सत्तरी-ऐंशीतल्या कितीतरी पुरुषांचे हात लेथवर आणि कानशीवर घडलेत. काकांना आता नातवाचं नाव येत नाही. सकाळी चहा घेतला का, सांगता येत नाही. काकू म्हणाल्या, "निदान झालं तेव्हापासून मीच शर्ट घालते हो. दोन मिनिटांचं काम. कुकर लावलेला असतो, दूधवाला दारात असतो. वर्षभरात असं झालं की हातसुद्धा वर करेनात. नुसते उभे."

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी रक्तदाबही मोजला नाही आणि गोळ्याही पाहिल्या नाहीत. घर पाहिलं. पायपुसणी उचलायला लावली, बाथरूमची आतली कडी काढायला लावली, पांढऱ्या फरशीवर न दिसणारी पांढरी बादली बदलून निळी आणायला सांगितली. मग काकांना विचारलं, "काका, तुम्ही काय काम करायचात?" काका बोलले नाहीत. काकूच उत्तर द्यायला लागल्या. ताईंनी त्यांना हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "जॉब सेट करायचो."

ताईंचं म्हणणं असं की या आजारात माणसाची दोन प्रकारे हानी होते. काही गोष्टी आजार घेतो, काही आपण काढून घेतो. आजाराने घेतलेलं परत आणता येत नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या लक्षणं काही काळ सौम्य ठेवतात, झिजलेला मेंदू परत देत नाहीत. पण आपण काढून घेतलेलं पुष्कळदा परत देता येतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात पहिला घाला सहसा हिप्पोकॅम्पसवर पडतो, म्हणजे काल काय घडलं ते साठवणाऱ्या भागावर. हातांना लागलेल्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतात, बेसल गँग्लियात आणि लहान मेंदूत, आणि तिथे आजार बराच उशिरा पोचतो. आज वार कोणता हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या बोटांना बटण माहीत असतं. मात्र त्या बोटांना वेळ द्यावा लागतो आणि मधे कोणी बोलून चालत नाही.

शर्टाचं शिक्षण शेवटाकडून सुरू झालं. पहिल्या आठवड्यात काकूंनी सहा बटणं लावायची आणि सातवं काकांवर सोडायचं. काम नेहमी काकांच्या हातून पुरं होतं, अपयश वाट्याला येत नाही. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. सूचना एका शब्दाची: "बटण." 'आठवतंय का', 'सांगा बघू', 'काल तर केलं होतंत' हे तीन शब्दप्रयोग ताईंनी त्या घरात बंद करून टाकले. समोर उभं राहून दाखवायचं नाही, त्याने डावं-उजवं उलटं होतं. उजव्या बाजूला उभं राहायचं. शर्ट एकरंगी, बटणं गडद आणि मोठी. बाकी सगळा वेळ गप्प बसायचं.

हे गप्प बसणं मी पाहिलं. चौथ्या बटणापाशी काकांची बोटं अडकली. बटण काजात अर्धं जाऊन परत आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. काकूंचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. काकूंनी हात मागे घेतले आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पुढचा सगळा वेळ माझी नजर काकांच्या शर्टाऐवजी त्या मुठीवरच जात राहिली. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याची गरज हाक मारायच्या आत ओळखायला शिकलेली बाई आता ती गरज ओळखूनही न हलण्याचं शिक्षण घेत होती. मला विचाराल तर त्या खोलीत सगळ्यात अवघड काम ती करत होती.

शर्ट झाल्यावर ताईंनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. नट, बोल्ट, वॉशर, सगळे मिसळलेले. पहिल्यांदा हा डबा आणला तेव्हा घरच्यांनी सामान काळंकुट्ट दिसतंय म्हणून भांड्यांच्या साबणाने घासून लख्ख केलं होतं आणि काकांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. पुढच्या खेपेला ताईंनी सगळ्याला मशीन ऑइल चोळून आणलं. काकांनी एक बोल्ट उचलला, नाकाशी नेला आणि खुर्चीत सरळ बसले. नट घेतला, आट्यांना लावला, पहिला वेढा उलटा फिरवून आटे बसल्याची खात्री केली आणि मग सुलटा आवळला. उलटा वेढा घेऊन बघायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, काकूंना माहीत नव्हतं, ताईंनाही नाही. एक नट न जुळणारा होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि ताईंकडे बघून म्हणाले, "रिजेक्ट."

घरी परतल्यावर माझ्या ओढणीला तो तेलाचा वास येत होता. पुढे लिहायला बसले की तोच आधी आठवतो.

व्यवसायोपचार आपल्याकडे नवा आहे असं अनेकांना वाटतं. तो महाराष्ट्रातच रुजला आहे. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी, लग्नानंतर कमलाबाई निंबकर, यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं ते पहिलं मानलं जातं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी या विषयाचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा कमलाबाईंच्याच नावाची. केईएम, नायर, शीव आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा पदवी अभ्यासक्रम चालतो. इतकी जुनी परंपरा असूनही बदलापूरच्या एखाद्या घरात निदानाची फाईल येते, मेंदूचा स्कॅन येतो, गोळ्यांची चिठ्ठी येते आणि व्यवसायोपचार हा शब्द त्या फाईलमध्ये कुठेच नसतो. ताईंच्या घरभेटींतली बहुतेक माणसं त्यांच्यापर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीने आलेली नाहीत. कोणाच्या तरी नातवावर त्या केंद्रात उपचार करत होत्या आणि बोलता बोलता आजोबांचा विषय निघाला, अशीच आलेली आहेत.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे, पण मला तो ताईंच्या पिशवीपाशी येऊनच कळतो. एक बाई, एक पिशवी, आणि तीन गावं.

उल्हासनगरात मात्र वेगळीच अडचण समोर आली. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते पाचच सांगतात. अशाच एका कॅम्पात, बराकीच्या जागी उठलेल्या अरुंद घरात अम्मा राहतात. शिकारपूरहून लहानपणी आलेल्या. मराठी तर गेलीच, आता हिंदीही सुटत चाललीय, सिंधी तेवढी उरली आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या ओढणीत दोन कपडे बांधून दाराशी जातात: "हलूं, घर हलूं." चला, घरी जाऊ. सून समजावते, "अम्मा, यही तो घर है." त्यावर अम्मा रडतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच घर असतं.

ताईंना सिंधी येत नाही. त्यांनी सुनेला विचारलं, अम्मांच्या हाताची कोणती गोष्ट गल्लीत प्रसिद्ध होती? पापड. उडदाचे, भरपूर मिऱ्याचे. ताईंनी सांगितलं, पीठ तुम्ही भिजवा, लाट्या तुम्ही करा, आणि चार वाजता, दाराशी जायची वेळ व्हायच्या आधी, पोळपाट-लाटणं अम्मांपुढे ठेवा. विस्तवाजवळ न्यायचं नाही, फक्त लाटायचं.

नातवाचा चेहरा पडला. त्याचा जीन्सचा छोटा कारखाना आहे, घर बरं चाललंय. "लोग क्या कहेंगे? इस उम्र में अम्मा से काम करवाते हैं?"

हा प्रश्न मला या सगळ्या फिरण्यातला सर्वांत खरा प्रश्न वाटला. सिंधी घर असो की मराठी, आपल्याकडे म्हातारपणाचा मान म्हणजे काम न करावं लागणं. आईला पाण्याचा पेला हातात द्यायचा, ताटावरून उठू द्यायचं नाही, "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना" म्हणायचं. यात प्रेम आहे, संस्कार आहे, शेजारपाजारची भीतीही आहे. निरोगी म्हाताऱ्या माणसाला ते शोभतं. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं एकेक काम असं मानाने काढून घेतलं की त्याला दिवसभर करायला काही राहत नाही आणि तो दार शोधू लागतो. अम्मांना बसवून ठेवल्याने त्यांचा मान राहत होता हे मला पटत नाही. लाटणं हातात आल्यावर त्यांनी सुनेच्या लाट्या बघून मान हलवली, एक लाटी मोडून पुन्हा वळली आणि सुनेला सिंधीत काहीतरी सुनावलं. सून हसून म्हणाली, "डाँट रही है. दो साल बाद डाँटा." मान तो हा.

त्या दिवशी पाच वाजून गेले तरी अम्मा उठल्या नाहीत. रोज असं होत नाही, हेही सुनेने सांगितलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस गाठोडं बांधलं जातंच.

यातच मला एक राग नोंदवायचा आहे. म्हाताऱ्या माणसांना 'गुंतवून ठेवायचं' म्हणून बालवाडीची रंगवायची पुस्तकं आणि ए-बी-सी-डीचे ठोकळे आणून देणारी घरं आणि केंद्रं मी पाहिली आहेत. ज्याने तीस वर्षं मायक्रोमीटरवर केसाभराचाही फरक सोडला नाही त्याच्या हातात खडू देऊन हत्ती रंगवायला लावायचा, हा अपमान आहे. तो त्याला कळतो. सांगता येत नाही इतकंच. ताईंचा नियम कडक आहे. जे केलं ते वापरात आलं पाहिजे. अम्मांचे पापड घरात भाजले जातात. काकांनी वेगळे केलेले नटबोल्ट शेजारच्या गॅरेजवाल्याकडे जातात आणि तो पुढचा मिसळलेला डबा देतो.

बदलापूरला, कात्रपच्या बाजूला, आजी वाती वळतात. गिरगावातली चाळ सोडून मुलाबरोबर इथे आलेल्या. मांडी उघडी करून कापूस तळव्याखाली फिरवायचा, ही कृती त्यांच्याकडून इतकी सहज होते की बघणाऱ्याला आजार खोटा वाटावा. वाती देवळात जातात. त्यांना सांभाळायला दिवसभर एक मावशी आहेत, आणि ताईंनी घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळ त्या मावशींना शिकवण्यात घातला. मावशींना आधी सांगितलेलं काम होतं अंघोळ घालणं, भरवणं आणि टीव्हीपुढे बसवणं. आता त्या घास भरवत नाहीत. चमचा आजींच्या हातात देतात, आपला हात त्यांच्या हाताखाली धरतात आणि थांबतात.

सून सकाळची गाडी पकडून मुंबईला जाते. काकांच्या शर्टाची गोष्ट ताईंनी तिला कौतुकाने सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "ताई, अठरा मिनिटांत मी कल्याणला पोचते."

यावर मी काय बोलणार? बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. एक गाडी चुकली की ऑफिसातला अर्धा दिवस गेला. ही अठरा मिनिटं कोणाच्या तरी झोपेतून, गाडीतून, पगारातून काढावी लागतात. मी गेले त्या प्रत्येक घरात ती बाईच्या वाट्याची होती: बायको, सून, मावशी. मुलगे प्रेमळ होते, पैसे देत होते, रात्री विचारपूस करत होते. पण मुठीत पदर धरून गप्प बसलेला मुलगा मला कुठे दिसला नाही. ताईंनी त्या सुनेला उपदेश केला नाही. म्हणाल्या, रोज नको. रविवारी एक काम निवडा, केस विंचरणं घ्या, आणि ते तुमच्या नवऱ्याने बघायचं. सून हसली. जमलं का, ते मला अजून कळलेलं नाही.

या उपचाराचा उपयोग किती, हा प्रश्न मी ताईंना विचारल्याशिवाय सोडला नाही. नेदरलँड्समध्ये मॉड ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५ रुग्णांचा अभ्यास केला, तो २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पाच आठवड्यांत घरी दहा भेटी दिल्या, तर रोजची कामं जास्त चांगली जमू लागली आणि सांभाळणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला. तीच पद्धत ब्रिटनने ४६८ जोड्यांवर, म्हणजे रुग्ण आणि त्याला सांभाळणारा अशा जोड्यांवर, करून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की नेहमीची सेवा मिळणाऱ्यांच्या तुलनेत रोजच्या कामांत फरक दिसला नाही. ताईंना दोन्ही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "तिथल्या नेहमीच्या सेवेत काही ठिकाणी हा उपचार आधीपासून होताच. आपल्याकडची नेहमीची सेवा म्हणजे काय?" मला हे उत्तर पुरेसं वाटलं. आपल्याकडे नेहमीची सेवा म्हणजे बहुतेक वेळा दार बाहेरून लावून घेणं.

तरीही आजार पुढे सरकतो, आणि या कामात ते लपवण्याला जागा नाही. पावसाळ्यानंतर मी अंबरनाथला पुन्हा गेले. दर सोमवारी काका शिवमंदिरापर्यंत चालत जायचे, काकू दोन पावलं मागे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं ते देऊळ. तिथली वळणं काकांच्या पायांना पाठ होती. आता ते वळणावर थबकतात. शर्टाला कितीही वेळ दिला तरी सात बटणं होत नाहीत. काकू ताईंना विचारत होत्या, "अठरा मिनिटांत झालं होतं ना हो? मग आता का नाही?" ताईंनी त्यांना खोटा धीर दिला नाही. वही काढली, मागची नोंद दाखवली आणि नवीन लिहिली: वरची चार बटणं आधीच लावून शर्ट डोक्यावरून घालायचा, खालची तीन काकांची. ती तीन त्यांनी लावली. काकू पदर धरून बसल्या होत्या, आता ताईंनी बघायची गरज उरलेली नव्हती.

उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूरच्या नगरपालिकांनी आपापल्या दवाखान्यात आठवड्याचा एक दिवस तरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ बसवावा. मोठं यंत्र लागत नाही, एक खोली आणि एक माणूस लागतो. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांसमोरून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठण्याआधी व्यवसायोपचारासाठी कुठे जायचं ते विचारावं आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावं. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची देशभरातली मोफत मदतवाहिनी आहे, एल्डरलाइन: १४५६७.